वांटून खाण्याचा केक

पाककृतीवर लेख लिहिण्याचा प्रसंग माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकावर येईल असें मला कधीं स्वप्नांतही वाटलें नव्हतें. चौतीस वर्षें मीं मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलीं. स्वयंपाकघराशीं माझा संबंध पानावर येऊन बसण्यापुरताच. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं जो एक पदार्थ झाला, त्यानें ह्या वयांत मला जो धडा दिला तो स्वतःपाशीं ठेवणें बरें नव्हे असें वाटतें. शिवाय पदार्थ करावयास सोपा आहे. तेव्हां वाचकांस धडा नको असला तर निदान कृति तरी उपयोगी पडेल.

प्रथम घराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमचा वाडा वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. वडील १९९८ सालीं वारले. त्यानंतर सहा वर्षें आम्ही दोघे भाऊ एका चुलीवर जेवलों आणि २००४ सालीं वेगळे निघालों. कारण विचाराल तर आज मला तें नीट सांगतांही येणार नाहीं. विजेचें बिल, मागल्या दारचा नारळ, कोणाचे पाहुणे किती दिवस राहिले, असल्या बारीकसारीक गोष्टी मनांत सांचत गेल्या. वेगळें निघण्याचा शब्द प्रथम माझ्या तोंडून गेला, हें मात्र मी लपवीत नाहीं. दादा माझ्याहून सात वर्षांनीं वडील. ते एवढेंच म्हणाले, "तुझ्या मनांत असेल तसें."

माजघर बावीस फूट लांब होतें. तें मीं स्वतः शाळेंतली लांकडी फूटपट्टी घेऊन मोजलें, बरोबर अकरा फुटांवर खडूची रेघ ओढली आणि त्या रेघेवर गवंड्यानें भिंत चढविली. एक इंचही इकडचा तिकडे झाला नाहीं. त्या अचूकपणाचा मला त्या वेळीं अभिमान वाटला होता!

त्यानंतर भांडण असें कधीं झालें नाहीं. पण बोलणेंही राहिलें नाहीं. वडिलांच्या श्राद्धाला मी पलीकडे पानावर जाऊन बसें. लग्नकार्यांत शेजारींशेजारीं उभे राहून आम्ही अक्षता टाकूं. एरवीं सारें दळणवळण मुलांच्या मार्फत. मुलांना त्या भिंतीची अडचण कधींच वाटली नाहीं.

माझी नात पुण्यास शिकते. सुटीला आली त्याच दिवशीं तिनें जाहीर केलें, "आजोबा, ह्या वेळीं मी केक करणार. ओव्हन लागत नाहीं, अंडें लागत नाहीं आणि तो थोडक्या माणसांत संपत नाहीं."

भाजल्यावांचून केक कसा होईल, ही माझी शंका. त्यावर तिनें जें सांगितलें तें मलाही नवीन होतें. ह्या पदार्थाचें मूळ घर अमेरिका. विजेचा फ्रीज घरोघर येण्यापूर्वीं तेथें बर्फाची लादी ठेवून थंड राखलेलें एक कपाट असे. त्याला 'आइसबॉक्स' म्हणत. बिस्किटांचे व सायीचे थर एकावर एक रचून रात्रभर त्या कपाटांत ठेविले कीं सकाळीं केक तयार. म्हणून त्याचें नांव 'आइसबॉक्स केक'. १९२० नंतरच्या दोन दशकांत तो तेथें फार लोकप्रिय झाला. बिस्किटांच्या कारखानदारांनीं कृति वेष्टनांवर छापून ती घराघरांत पोंचविली. ह्या केकसाठीं नांवाजलेलीं चॉकलेटचीं पातळ बिस्किटें १९२४ सालीं निघालीं आणि २०२३ सालीं तीं बंदही झालीं; पण केक राहिला. कोणी त्यांत घुसळून फुलविलेली साय घालतात, कोणी शिजविलेलें पुडिंग. तिकडे शेजारपाजारचीं माणसें आपापला पदार्थ घेऊन एकत्र जेवावयास जमतात. आपल्या अंगतपंगतीचाच तो प्रकार. आदल्या रात्रीं करून ठेवतां येतो, एका भांड्यांतून नेतां येतो आणि चौकोनी वड्या पाडून सर्वांस सारखा देतां येतो, म्हणून अशा पंगतीला हा केक फार सोयीचा.

बिस्किटाचें नांव निघतांच माझ्यांतला संस्कृतचा मास्तर जागा झाला. लॅटिन भाषेंत 'बिस्' म्हणजे दोनदां आणि 'कोक्तुस्' म्हणजे शिजविलेला. हें 'बिस्' आपल्या 'द्विः'चें सख्खें भावंड, आणि 'कोक्तुस्' आपल्या 'पच्' धातूच्या कुळांतला. म्हणजे बिस्कीट हें 'द्विःपक्व' झालें. एका घरचे दोन भाऊ हजारों वर्षांपूर्वीं वेगळे निघाले, एक रोमकडे गेला, एक इकडे आला. चेहरामोहरा बदलला, तरी रक्त ओळखूं येतें. हें सारें मीं मोठ्या उत्साहानें नातीला सांगितलें. ती सहज म्हणाली, "म्हणजे तुम्ही आणि मोठे आजोबा!" मी गप्प बसलों.

ह्याच बिस्किटाला माझी आजी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडूं देत नसे. त्यांत तिचा काय दोष? १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहाबिस्किटांचा जो प्रसंग झाला, त्यावरून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभें राहिलें आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. तो काळ गेला. आज कोणाच्या हातचें बिस्कीट कोणीं खाल्लें हें कोणी विचारीत नाहीं. पण सोंवळेंओंवळें सुटलें तरी पंक्तिभेद सुटतोच असें नाहीं, हें मला आमच्या माजघरांतल्या भिंतीकडे पाहून कळावयास हवें होतें.

आतां कृति सांगतों. नऊ इंच लांब, नऊ इंच रुंद व दोन इंच खोल असें कांचेचें किंवा स्टीलचें भांडें घ्यावें. दूध एक लिटर, साखर १५० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचें सत्त्व ७० ग्रॅम, गडद चॉकलेट १०० ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. ह्याशिवाय मारी बिस्किटें सुमारें पन्नास आणि तीं बुचकळण्यास पेलाभर पातळ कॉफी. तिकडचीं चॉकलेट-बिस्किटें मिळालींच पाहिजेत असें नाहीं. पुडिंग चॉकलेटचें असल्यामुळें मारी पुरते. हें मारीही मूळचें परदेशचेंच. १८७४ सालीं रशियाची राजकन्या मारिया व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला दिली, त्या लग्नाच्या निमित्तानें तें लंडनमध्यें निघालें, आणि आज तें आपल्या चहाचें आहे.

पाव लिटर दूध थंडच बाजूला ठेवावें. त्यांत कॉर्नफ्लोअर व कोको गुठळी न राहील असा कालवावा. उरलेलें दूध साखर व मीठ घालून तापवावें आणि उकळी फुटण्याच्या बेतांत असतां कालवलेलें मिश्रण धार धरून सोडावें. हात मात्र एकसारखा ढवळता ठेवावा. मिश्रण दाट होऊन बुडबुडे फुटूं लागले कीं आणखी दोन मिनिटें शिजवावें, म्हणजे पिठाची कचवट चव जाते. मग खालीं उतरवून चॉकलेटचे तुकडे व लोणी घालून विरघळवावें.

येथें माझा अपराध कबूल करतों. मदत करण्याच्या भरांत मीं पहिल्या खेपेस कॉर्नफ्लोअर कोरडेंच तापल्या दुधांत टाकलें आणि भांड्यांत गोट्यांएवढ्या गुठळ्या झाल्या. नातीनें कारण समजावून दिलें. ह्या सत्त्वाचे कण थंड दुधांत सुटेसुटे तरंगतात आणि उष्णता लागली कीं पाणी पिऊन फुगतात. त्यानेंच दूध आळतें. पण कोरडें पीठ एकदम उकळत्या दुधांत पडलें तर गोळ्याचा बाहेरचा भाग क्षणांत फुगून चिकट होतो आणि आंतल्या पिठापर्यंत दूध पोंचूंच देत नाहीं. आंत कोरडें तें कोरडेंच राहतें. पुडिंग पुन्हां गाळून घ्यावें लागलें. चौतीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनें काढलेल्या माणसाला ती गाळणी धरतांना काय वाटलें असेल तें वाचकांनींच ताडावें.

अंड्याविना पुडिंग आळण्याची ही युक्ति जुनी आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें आल्फ्रेड बर्ड नांवाचा एक औषधविक्या होता. त्याच्या बायकोला अंडें सोसत नसे, पण कस्टर्ड तर तिला फार आवडे. म्हणून १८३७ सालीं त्यानें कॉर्नफ्लोअर वापरून अंड्याविना कस्टर्डची पूड तयार केली. एका माणसाला पानावरून उठावें लागूं नये म्हणून केलेली ती खटपट; आज तिचा उपयोग कितीतरी घरांना होतो. मला हें ऐकून बरें वाटलें. कारण दादा अंडें खात नाहींत, आणि नातीनें हीच कृति कां निवडली तें माझ्या ध्यानांत येऊं लागलें होतें.

पुढचें काम मुलांच्या खेळासारखें आहे. बिस्कीट कॉफींत बुचकळून लगेच काढावें; डोळ्याचें पातें लवतें तेवढाच वेळ, नाहींतर त्याचा लगदा होतो. भांड्याच्या तळाशीं सोळा बिस्किटें मांडावीं, वर पुडिंगचा तिसरा हिस्सा पसरावा. पुन्हां बिस्किटें, पुन्हां पुडिंग. असे तीन वेळां करून सर्वांत वर पुडिंगच यावें. निवलें कीं झांकून रात्रभर, निदान आठ तास, फ्रीजमध्यें ठेवावें. घाई करूं नये; खरा केक ह्या आठ तासांतच होतो. बिस्कीट पुडिंगमधला ओलावा हळूहळू शोषून घेतें आणि आपला कडकपणा सोडतें. पुडिंग आपलें पाणी देऊन घट्ट होतें. सकाळीं सुरी घातली तर थर वेगळे दिसतात, पण वेगळे निघत नाहींत.

सकाळीं नातीनें माझ्या हातांत तीच जुनी लांकडी फूटपट्टी दिली. "आजोबा, सारखे तुकडे करून द्या." नऊ इंचांचे चार भाग म्हणजे सवादोन इंच. चार उभे, चार आडवे, मिळून सोळा वड्या झाल्या. आमच्याकडे माणसें पांच, पलीकडे सहा. तिनें सहा वड्या ताटलींत काढल्या आणि ताटली माझ्यापुढें धरली. "नेऊन द्या."

"तूंच जा कीं," मी म्हणालों.

"मी रोज जातें. तुम्ही जा."

वीस वर्षांत श्राद्धाची तिथि नसतां त्या दाराशीं मी गेलों नव्हतों. दादा ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं चष्मा वर सारून ताटलीकडे पाहिलें, मग माझ्याकडे.

"अंडें?"

"नाहीं."

"तूं केलास?"

"ढवळण्यापुरता."

आंतून वहिनी आल्या व हंसून म्हणाल्या, "मग भावोजी, गुठळ्या झाल्या असतील. तुम्हीं एकदां पिठलें ढवळलें होतें, तें अजून माझ्या लक्षांत आहे." दादा खो खो हंसले. त्यांचें तें हंसणें मी किती वर्षांनीं ऐकलें! मला उभ्याउभ्या कांहीं बोलवेना. मीं खालीं बसून घेतलें. दादांनीं एक वडी सावकाश खाल्ली आणि विचारलें, "हें न भाजतां होतें म्हणतोस?" मग मीं त्यांना सारी कृति सांगितली. गुठळ्यांचीही सांगितली.

रिकामें भांडें परत देऊं नये, हा आपल्या घरांतला नेम. वहिनींनीं ताटली धुऊन तींत मेथांब्याची वाटी ठेवून दिली. तो मेथांबा मला किती आवडतो हें त्यांना ठाऊक होतें.

वांटणी आणि वांटणें हे दोन्ही शब्द 'वण्ट्' ह्या एकाच धातूचे. वर्गांत मीं ते कितीदां सांगितले असतील, पण त्यांतला भेद मला ह्या केकनें शिकविला. वांटणी करतांना आपला हिस्सा पुरा आला कीं नाहीं हें पाहावें लागतें. वांटून खातांना दुसऱ्याला पुरलें कीं नाहीं हें पाहिलें जातें. फूटपट्टी तीच असते. एकटा खाणारा एकटाच पापाचा धनी होतो, असा भाव ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ११७ व्या सूक्तांत आहे. तें सूक्त मला तरुणपणापासून मुखोद्गत होतें. कळावयास मात्र साठी ओलांडावी लागली.

भिंत अजून उभी आहे. ती पाडण्याचें कोणीं बोललें नाहीं आणि पडेल असेंही मला वाटत नाहीं. दोन्हीकडच्या सुनांचे संसार तिच्या आधारानें मांडलेले आहेत. पण नात पुण्यास परत गेल्यावर आठ दिवसांनीं दादांनीं कोणाकडे निरोप न देतां अंगणांतून स्वतः मला हांक मारली. त्यांच्या हातांत मारी बिस्किटांचा पुडा होता.

"दूध तुझ्याकडचें," ते म्हणाले, "आणि ढवळायला वहिनी येईल."