फौलादमीच्या मागे कोण?

रहस्यकथांना आपल्याकडे साहित्यात फारसा मान नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकरांना तो मिळाला नाही, उर्दूत इब्ने सफींना मिळाला नाही. वाचक मात्र दोघांनाही उदंड मिळाले. इब्ने सफींनी 1952 साली अलाहाबादला ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. पुस्तकं मात्र इकडेही येत राहिली. अकोल्याला आमच्या माहेरी ती भाड्याने यायची. अब्बा आणायचे, अम्मी आधी वाचायची, मग आम्ही भावंडं. माझी उर्दू पाठ्यपुस्तकांपेक्षा कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांनीच जास्त घडवली.

‘तूफान का अग़वा’ या त्यांच्या कादंबरीत फौलादमी आहे. फौलाद आणि आदमी जोडून केलेला शब्द. म्हणजे पोलादी माणूस, रोबोट. भीती वाटायची, पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. इब्ने सफींच्या जगात यंत्र कितीही अजब असो, गुन्हेगार माणूसच असतो. फरीदी यंत्र पाहून थांबत नाही, ते चालवणाऱ्याचा माग काढतो.

‘रोबोट’ हा शब्दही तेच सांगतो. चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920 च्या नाटकातून तो जगभर गेला. त्याचं मूळ ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. रोबोट म्हणजे वेठबिगार. आता वेठबिगाराने केलेल्या कामाचा जाब त्याला विचारायचा, की त्याला राबवणाऱ्या मालकाला?

सिनेमेही नीट पाहा. रजनीकांतचा ‘रोबोट’ 2010 चा, आमच्या वर्गातल्या पोरांना आजही पाठ आहे. चिट्टी शहर उद्ध्वस्त करतो, पण त्याच्यात लाल चिप बसवणारा प्रोफेसर बोहरा माणूसच आहे. 1987 च्या ‘रोबोकॉप’मध्ये यंत्र-पोलिसाला तीन नियम उघड दिलेले असतात आणि चौथा लपवलेला: कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याला अटक करायची नाही. त्याच सिनेमातला दुसरा प्रसंग तर झोप उडवणारा आहे. प्रात्यक्षिकासाठी एका तरुण कर्मचाऱ्याच्या हातात पिस्तूल देतात. यंत्र म्हणतं, शस्त्र टाक. तो टाकतो. यंत्राला ते कळतच नाही. ते मोजत राहतं आणि गोळ्या झाडतं. माणसाने हुकूम पाळला, तरी तो मेला.

आपल्याकडे असे लोखंडी पोलिस रस्त्यावर नाहीत. पण चेहरा ओळखणारे कॅमेरे आले आहेत. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत व्हावी म्हणून राज्य सरकारने 2024 मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापन केली, तीही आपल्या नागपुरात. यंत्राला सरसकट शिव्या देणं बरोबर नाही. 2018 मध्ये दिल्लीत याच तंत्राने चार दिवसांत सुमारे 3 हजार हरवलेली मुलं ओळखली गेली. कोणत्या आईला हे नको असेल?

त्याच दिल्लीच्या पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात सांगितलं, की चेहरा 80 टक्क्यांच्या वर जुळला तर आम्ही तो जुळला असं धरतो. इथे मास्तरकी आडवी येते. 80 टक्के हा दोन फोटोंमधल्या साम्याचा आकडा आहे. तो पोरगा गुन्हेगार असण्याची शक्यता 80 टक्के, असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने 2019 मध्ये अशा अनेक प्रणाली तपासल्या. बऱ्याच प्रणाली आशियाई आणि काळ्या माणसांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट जास्त वेळा चुकीची ओळख पटवत होत्या.

मी अमरावतीत शिकवते. शहरात तणाव झाला की आमच्या वस्तीतल्या आया पोरांना चौकात उभं राहू देत नाहीत. नववीच्या वर्गात रोबोटवरून गप्पा चालल्या होत्या. एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, मशीननं माह्यं नाव घेतलं त मी कोणाले सांगू?” पोरं हसली. तो हसला नाही.

हवालदाराच्या छातीवर नावाची पट्टी असते. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात. ते पंच खरे की खोटे, हे कोर्टात विचारता येतं. यंत्राच्या संशयावर कोणाची सही असते? तो आकडा कोणी तपासला, कोणत्या फोटोवरून, चूक निघाली तर जबाबदार कोण? हैदराबादमध्ये एका सामाजिक कार्यकर्त्याला 2021 मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून मास्क काढायला सांगितलं आणि फोटो घेतला. तो गप्प बसला नाही. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेलाच त्याने तेलंगणा उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

मी त्या मुलाला हेच सांगितलं. कॅमेऱ्याला घाबरून घरात बसू नकोस आणि कॅमेऱ्याशी भांडूही नकोस. मशीनने नाव घेतलं, असं कोणी म्हटलं, तर आधी त्या माणसाचं नाव विचार. घरच्यांना सांग, वकील गाठ, माहितीचा अर्ज कर. अर्ज मराठीत कसा लिहायचा, ते मी शिकवते.

पुढच्या तासाला आम्ही तोच अर्ज लिहिला.