जेधे चौक

पुणे कुठे सुरू होते, असे कुणाही पुणेकराला विचारा. कोणी शनिवारवाडा म्हणेल, कोणी पर्वती. आम्हां भोर-वेल्ह्याच्या मंडळींचे पुणे मात्र सुरू होते ते स्वारगेटला. एसटीतून उतरावे, पिशवी सावरावी आणि पुढे पाहावे, तो जेधे चौक! "चौकात थांब, मी न्यायला येतो," असे मी किती पाहुण्यांना फोनवरून बजावले असेल, त्याला गणती नाही.

गेल्या उन्हाळ्यात भोरहून परत येताना माझ्या मुलीने विचारले, "बाबा, जेधे म्हणजे कोण हो?"

मराठीचा प्राध्यापक मी! 'ठाऊक नाही' हे दोन शब्द आमच्या जिभेला जड जातात. मी म्हणालो, "असतील कुणी जुने पुढारी."

पुढच्या बाकावरचे एक आजोबा वळले. "असतील कसं, मास्तर? आमच्या कारीच्या जेध्यांचं रक्त ते. केशवराव!"

बाकीचा प्रवास मी खिडकीबाहेर पाहत केला. घरी येऊन मुकाट्याने पुस्तके काढली.

भोर तालुक्यातली कारी म्हणजे कान्होजी जेध्यांची. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून, पाच मुलांसह शिवाजीमहाराजांच्या पाठीशी उभे राहिले ते कान्होजी. त्या घराण्यात 1896 साली केशवराव जन्मले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतले त्यांचे घर, 'जेधे मॅन्शन', हे ब्राह्मणेतर चळवळीचे माहेरघर होते. 1925 साली नगरपालिकेत महात्मा फुल्यांचा पुतळा उभारण्याची सूचना केशवरावांनी मांडली, ती फेटाळली गेली. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. त्यात टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती आणि प्रकाशक होते केशवराव. खटला झाला, शिक्षा झाली. अपिलात डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले आणि 1926 साली सारे सुटले.

अशा माणसाने पुढे आयुष्यभर तोच राग जपला असता, तरी कोणी नवल केले नसते. पण 1930 च्या सुमारास केशवराव काँग्रेसच्या लढ्यात उतरले. काकासाहेब गाडगीळांशी त्यांची जोडी जमली, आणि 'जेधे-गाडगीळ' हा शब्द एका दमात उच्चारला जाऊ लागला. खेड्यापाड्यांतला शेतकरी काँग्रेसकडे वळला, त्यात या जोडीचा वाटा मोठा. तुरुंगवास झाला, घटना समितीचे सभासदत्व आले. शेतकऱ्याचे हित होत नाही असे वाटले, तेव्हा काँग्रेस सोडून 1948 साली शंकरराव मोऱ्यांसमवेत शेतकरी कामगार पक्ष काढला. पुढे तोही सोडून पुन्हा काँग्रेसमध्ये आले.

कोणी याला धरसोड म्हणेल. वाचता वाचता मीही क्षणभर तसेच म्हणालो. मग 6 फेब्रुवारी 1956 ही तारीख समोर आली. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे, आणि स्थळ? पुण्याचे टिळक स्मारक मंदिर!

मी पुस्तक मिटले. ज्या टिळकांवर टीका करणाऱ्या पुस्तकापायी कोर्टाची पायरी चढले, त्यांच्याच नावाच्या वास्तूत, साऱ्या महाराष्ट्रासाठी, हा माणूस अध्यक्षस्थानी बसला होता. फुल्यांवरची निष्ठा सोडून नव्हे. फक्त जुना राग दाराबाहेर ठेवून. नम्रता म्हणजे खाली मान घालून बोलणे, अशी आपली एक समजूत असते. मला वाटते, काल ज्याच्याशी भांडलो त्याच्या घरी आज मोठ्या कामासाठी जाता येणे, हीच खरी नम्रता. ती आपल्याला साध्या भाऊबंदकीतही जमत नाही. गावच्या बांधावरून माझ्या वडिलांनी चुलत्यांशी धरलेला अबोला मी अजून इमानाने सांभाळतो आहे!

नोव्हेंबर 1959 मध्ये केशवराव गेले. अवघ्या सहा महिन्यांनी, 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्य झाले. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्या रात्री मुलीला उठवून सांगितले, "बाळ, जेधे कोण, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते."

"मला कळलंच होतं," ती डोळे चोळत म्हणाली.

येत्या भाऊबीजेला भोरला जायचे आहे. चुलत्यांचे घर वाटेतच लागते. एसटीत बसताना जेधे चौकाकडे एकदा नीट पाहून घेईन म्हणतो.