माहुलचा अंतेवासी

आमच्या चेंबूरच्या घराच्या गच्चीवरून माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. त्यांतील एका उंच नळीच्या तोंडाशीं ज्योत जळत असते. आम्ही भावंडें लहान असतांना आई ती दाखवून 'तो बघा समुद्राचा नंदादीप' असें म्हणे, व आम्हांला तें अगदीं खरें वाटे. कारखान्यांत जादा झालेला वायु तसाच मोकळा सोडला तर घात व्हावयाचा, म्हणून तो उंच नेऊन जाळून टाकतात, ही गोष्ट मला वयाच्या साठाव्या वर्षीं माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्यानें सांगितली. मी हाडाचा शाळामास्तर. जवळजवळ चाळीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलीं, पण घरच्या गच्चीवरून दिसणाऱ्या ज्योतीचें कारण मला ठाऊक नव्हतें. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही कीं, तें कोणाला विचारावें असेंही कधीं वाटलें नव्हतें.

हा पुतण्या २०१७ सालीं दहावी झाला. गुण चांगले होते. तेव्हां अकरावी, बारावी व मग इंजिनिअरिंगची पदवी असा ठरलेला राजमार्ग त्याच्यापुढें मोकळा होता. त्यानें मात्र चार वर्षांच्या डिप्लोमाचा हट्ट धरला. या डिप्लोमांत दोन सहामाह्या कारखान्यांत काढावयाच्या असतात व बाकीच्या कॉलेजांत. याला 'सँडविच' म्हणतात, म्हणजे मध्यें सारण व दोहों बाजूंना पाव, असें त्यानें आजीस समजावून दिलें. आमची आई तेव्हां शहाऐंशी वर्षांची होती. ती म्हणाली, "मग सरळ पुरणपोळी म्हणा कीं रे! पुरण चांगलें शिजलें असलें म्हणजे झालें." घरांत त्या अभ्यासक्रमाला तेव्हांपासून पुरणपोळी हेंच नांव पडलें.

दुसऱ्या वर्षीं त्याची कारखान्याची पहिली सहामाही आली व माहुलच्या बाजूच्याच एका कारखान्यांत त्याला जागा मिळाली. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस रुजू व्हावयाचें होतें. पण त्याच महिन्याच्या ८ तारखेस दुपारीं माहुलच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यांत मोठा स्फोट होऊन आग लागली. आमच्या घराचीं तावदानें थरारलीं. आकाशांत काळा धूर चढतांना सर्व चेंबूरनें पाहिला. ज्या कारखान्यांत मुलगा जावयाचा होता तो हा नव्हे, पण बायकामाणसांना हा भेद सांगून काय उपयोग? धाकट्या भावजयीनें तीन दिवस धड अन्न घेतलें नाहीं. थोरल्या माणसांना १९८८ सालच्या नोव्हेंबरांतील येथलीच आग आठवली व त्या आठवणी नेमक्या जेवणाच्या पंक्तींत निघूं लागल्या. अशा आठवड्यांत कॉलेजाकडून कागद आला. मुलगा अठरा वर्षांचा झालेला नसल्यामुळें त्यावर पालकाची सही हवी होती.

तो कागद पाहून माझ्या पोटांत जो गोळा उठला त्याचें कारण स्फोट नव्हे. तसलाच एक कागद चाळीस वर्षांपूर्वीं माझ्यापुढें आला होता.

१९७८ सालीं माझा धाकटा भाऊ, म्हणजे या मुलाचा बाप, दहावी उत्तीर्ण झाला. वडील दोन वर्षांपूर्वीं निवर्तले होते. मी वीस वर्षांचा, नुकताच शाळेंत लागलेला, अकरावीची जुनी मॅट्रिक व पाठशाळेंतलें संस्कृत एवढ्या भांडवलावर घर चालविणारा कुटुंबप्रमुख होतों. भावानें मला न विचारतां ट्रॉम्बे भागांतील एका कारखान्यांत शिकाऊ फिटरच्या जागेसाठीं अर्ज केला, परीक्षा दिली व त्याची निवडही झाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणें उमेदवार अज्ञान असेल तर करार पालकानें करावयाचा असतो. कायद्याच्या भाषेंत अज्ञान तो होता. त्यानें तो कागद माझ्या संध्येच्या पळीपंचपात्राशेजारीं आणून ठेवला व तो दारांत उभा राहिला.

मीं सही केली नाहीं. कारणें पुष्कळ सांगितलीं. शिक्षण पुरें झाल्यावर नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं, हें कायद्यांतच लिहिलें आहे, असें मीं त्याला वाचून दाखविलें, व तें खरेंही होतें. पण खरें कारण तें नव्हतें. आपल्या घरचा मुलगा निळा डगला घालून, हातांत डबा व नखांत वंगण घेऊन चाळीच्या जिन्यानें चढेल, हें चित्र मला सोसवेना. "हात काळे करण्यासाठीं का तुला शिकविला?" असें मीं म्हटल्याचें मला स्पष्ट आठवतें. त्यानें कागद उचलला, घडी केली व खिशांत घातला. पुढें तो वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला, बँकेंत लागला, प्रामाणिकपणें नोकरी करून मानानें निवृत्त झाला. त्या कागदाविषयीं त्यानें आजतागायत एक अक्षर उच्चारलेलें नाहीं.

१९८२ सालीं गिरण्यांचा संप झाला, हजारों कामगारांचे संसार उघड्यावर आले, तेव्हां मीं मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. गिरणी निराळी व तेलशुद्धीकरण निराळें, हें समजून घेण्याची तसदी मीं घेतली नाहीं. आपला निर्णय बरोबर होता याचा पुरावा शोधणाऱ्यास तो कोठेंही सांपडतो.

आणि आमच्या घरांत उदाहरणें नव्हतीं असें थोडेंच होतें? लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव आम्हीं लहानपणापासून ऐकलेलें. चित्रकला शिकावयास मुंबईस आलेला हा माणूस रंग नीट ओळखतां येत नाहींत म्हणून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळला, व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाला, व पुढें १९१० सालीं कुंडलच्या माळावर त्यानें कारखान्याचें गांव वसविलें. त्यांचा नांगर आमच्या आजोळच्या शेतांत चालत असे. परंतु थोरांचें चरित्र दिवाणखान्यांत वाचावयाचें असतें. तें आपल्या ओटीवर आलें म्हणजे आपण दार लोटून घेतों.

तेव्हां २०१८ सालीं कागद आला. बापाची सही पुरेशी होती. माझा त्यांत कायद्यानें कांहीं संबंध नव्हता. रात्रीं जेवणें झाल्यावर भाऊ तो कागद घेऊन माझ्याकडे आला. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोक्याचे केस पांढरे झालेले. म्हणाला, "अण्णा, करूं ना सही?"

मीं 'कर' म्हटलें. आणखीही कांहीं म्हणावयास हवें होतें, तें जमलें नाहीं. त्यानें तेथेंच, माझ्याच पेनानें सही केली.

मुलगा जाऊं लागला. सकाळीं सातला बाहेर, संध्याकाळीं सहाला घरीं, आणि शनिवारीं कॉलेजांत हजेरी लावून कामाची वही दाखवावयाची. पहिले पंधरा दिवस त्याला कारखान्यांतल्या कारखान्यांत कोणी विचारीना. एका कोठींत बसवून जुन्या पावत्यांच्या चळती लावावयास दिल्या. वरिष्ठांसाठीं चहा आणणें हेंही शिक्षणाचें अंग असावें. मला संताप आला व त्या संतापाच्या भरांत मीं स्मृतिग्रंथ काढले.

शिल्प शिकण्यासाठीं गुरूकडे राहणाऱ्या मुलाला आपल्या धर्मशास्त्रांत अंतेवासी म्हणतात, व याज्ञवल्क्य आणि नारद या दोघांनींही त्याचे नियम सांगितले आहेत. किती काळ राहावयाचें तें आधीं ठरवून घ्यावें; आचार्यानें त्याला आपल्या घरीं जेवूं घालून शिकवावें; त्याला दुसरें काम लावूं नये, पुत्राप्रमाणें वागवावें; आणि शिष्यानेंही हस्तकौशल्य लवकर साधलें तरी ठरलेली मुदत संपेपर्यंत गुरुगृह सोडूं नये व त्या काळांतील कामाचें फळ गुरूला द्यावें. हा करार आजच्या कायद्याच्या किती जवळचा आहे! मुदत आहे, भोजनाच्या ऐवजीं विद्यावेतन आहे. फक्त पुत्राप्रमाणें वागवावें हें कलम कोणत्याही सरकारला कायद्यांत घालतां आलेलें नाहीं. मीं हे नियम पुतण्याला अर्थासह समजावून सांगितले. तो म्हणाला, "अण्णाकाका, हें त्या कोठीवाल्यांना संस्कृतांत सांगूं कां मराठींत?"

तिसऱ्या आठवड्यांत त्याला दुरुस्तीच्या शाळेंत, म्हणजे वर्कशॉपांत, पाठविलें व तेथें त्याला गुरु भेटला. हा फिटर माहुल गांवचाच, कोळी. १९५४-५५ च्या सुमारास तेथें दोन परदेशी कंपन्यांचे शुद्धीकरण कारखाने उभे राहिले व पुढें १९७४ व १९७६ सालीं ते सरकारच्या ताब्यांत आले. या गृहस्थांच्या वडिलांचें आयुष्य खाडींत जाळीं टाकण्यांत गेलें. हे स्वतः पाना घेऊन कारखान्यांत शिरले. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनीं पुतण्याच्या हातीं पहिल्या दिवशीं एक कानस व लोखंडाचा ओबडधोबड तुकडा दिला आणि सांगितलें, याच्या सहा बाजू सपाट व एकमेकींशीं काटकोनांत करून आण.

वाचकांस वाटेल, यांत काय मोठेंसें? मलाही वाटलें होतें. तुकड्यावर गुण्या लावून तो खिडकीकडे धरावयाचा. गुण्याची कड व लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर काम चुकलें. एवढीच परीक्षा, गुण नाहींत, उत्तीर्ण नाहीं, तोंडी नाहीं. मुलगा चार दिवस घांसत होता. हाताला फोड आले. उजेड एका बाजूनें जाई व दुसऱ्या बाजूनें येई. कानस पुढें रेटतांना दोन्ही हातांचा भार बदलत जावा लागतो, नाहीं तर पृष्ठभाग नावेच्या तळासारखा फुगीर होतो, हें त्याला कोणीं शब्दांत सांगितलें नाहीं. फिटरनें मागें उभें राहून आपले हात त्याच्या हातांवर ठेवले व दहा वेळां कानस चालविली. कालिदासानें मालविकाग्निमित्रांत शिक्षकांचे प्रकार सांगितले आहेत: एकाला स्वतःस विद्या उत्तम येते, दुसऱ्यास ती दुसऱ्यांत उतरवितां येते, आणि दोन्ही जमतें तोच अग्रणी. हें स्थळ मीं वर्गांत किती वेळां शिकविलें असेल! शिकवितांना माझ्या डोळ्यांपुढें नेहमीं मीच असें.

पुढें त्याला नळांचे सांधे जोडावयास शिकविलें. दोन चकत्यांमध्यें गॅस्केट घालून भोंवतीं आठ बोल्ट आवळावयाचे. ते ओळीनें आवळीत गेलें तर चकती एका अंगास कलते व सांधा गळतो. म्हणून एक आवळला कीं त्याच्या समोरचा, मग काटकोनांतला, असे थोडेथोडे फिरत यावयाचें. पुतण्यानें घाईनें ओळीनेंच आवळले. फिटर कांहीं बोलले नाहींत. पाण्याचा दाब देऊन सांधा गळतांना त्याला पाहूं दिला व मग सर्व उलगडून पुन्हां करावयास लावलें. त्या शनिवारीं कॉलेजांत प्राध्यापकांनीं फळ्यावर दाब व ताण यांचीं समीकरणें मांडलीं. मुलगा घरीं येऊन सांगूं लागला, "काका, मला तें समीकरण वाचतांना बोल्ट दिसत होता." मीं त्याला विचारलें, "आणि बोल्ट आवळतांना समीकरण दिसतें कां?" तो थोडा थांबून म्हणाला, "अजून नाहीं."

या उत्तरावर मी खूष आहें. 'दिसतें' म्हणाला असता तर मीं त्याचा कान धरला असता.

रात्रीं नऊनंतर तो अभ्यासास बसे तेव्हां डोळे मिटत. दिवसभर यंत्रांच्या आवाजांत उभें राहून आल्यावर गणिताचें पुस्तक उघडणें ही साधी गोष्ट नव्हे. सोबतच्या मुलांपैकीं दोघांचे विषय त्या वर्षीं राहिले. पुरणपोळीचें हें अंगही सांगितलें पाहिजे. त्या वेळीं माझा भाऊ त्याच्याजवळ बसून असे. शिकविण्यासारखें त्याच्याजवळ कांहीं नव्हतें. तो नुसता कामाची वही चाळीत बसे. पान्यांचीं, झडपांचीं, पंपांचीं चित्रें पेन्सिलीनें काढलेलीं असत, तीं तो फार वेळ पाहत राही. घरांतले पंखे, शिवणयंत्र, मिक्सर हे सर्व त्यानेंच आजवर दुरुस्त केलेले आहेत, हें माझ्या ध्यानांत तेव्हां आलें. रविवारच्या फुरसतीचा चाळा, एवढेंच मी समजत होतों.

त्या वर्षीं दसरा १८ ऑक्टोबरला होता. आमच्याकडे पाटावर पोथ्या मांडून सरस्वतीची पूजा होते. पुतण्यानें अमरकोशाच्या शेजारीं आपली कानस व तो लोखंडाचा तुकडा आणून ठेवला. मी पाहत राहिलों. आई काठी टेंकीत आली, वांकून कानशीला हळदकुंकू लावलें व म्हणाली, "हिला धार कोठें असते रे?" मुलानें तिचें बोट धरून दांत्यांवरून हलकेंच फिरविलें.

दुपारीं सर्व निजलीं होतीं. मी पाणी प्यावयास उठलों तों भाऊ ओटीवरच्या खिडकीशीं उभा. एका हातांत तुकडा, दुसऱ्या हातांत गुण्या. तो एकेक बाजू फिरवून उजेडाकडे धरीत होता. मला पाहून तो दचकला नाहीं कीं त्यानें हात खालीं घेतला नाहीं.

"अण्णा," तो म्हणाला, "माझ्या चष्म्यानें नीट कळत नाहीं. तूं बघ बरें, उजेड दिसतो कां?"

मीं चष्मा पुसला व त्याच्या शेजारीं जाऊन उभा राहिलों.