आमच्या वर्गात ट्रिक्सी

मुलांनो, 'टॉय स्टोरी ३' या चित्रपटातली ट्रिक्सी आठवते का? निळ्या रंगाची, तीन शिंगांची, खेळण्यातली डायनासोर! तिचं नाव एका ऑपरेटिंग सिस्टीमला दिलेलं आहे आणि ती ट्रिक्सी सध्या कल्याणात, आमच्या चौथीच्या वर्गात मुक्कामाला आहे. ती आमच्याकडे कशी आली, ते आज सांगते.

आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते बघू. शाळेत घंटा कधी वाजवायची, मैदानावर कोणता वर्ग जाणार, हे कोणीतरी ठरवावं लागतं ना? नाहीतर नुसता गोंधळ! संगणकातही तसंच. कळफलक, पडदा, मेमरी या सगळ्यांना कामाला लावून त्यांचा मेळ घालते ती ऑपरेटिंग सिस्टीम. मराठीत तिला कार्यप्रणाली म्हणतात.

एका पालकांनी आमच्या वर्गाला त्यांचा जुना संगणक भेट दिला. त्यात विंडोज १० होतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि आमच्या म्हाताऱ्या संगणकात ती नव्हती. एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, मग हा आता भंगारवाल्याला द्यायचा?" पडदा धड, कळफलक धड, आणि भंगारात? माझ्याही जिवावर आलं.

मग शोधता शोधता डेबियन सापडली. इयन मर्डॉक या तरुणाने ती १९९३ साली सुरू केली. त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब्रा अधिक इयन, म्हणून डेबियन! जगभरातले स्वयंसेवक मिळून ती बनवतात. ती फुकट मिळते, आणि आत काय लिहिलंय ते कोणालाही उघडून वाचता येतं. आपल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही कार्यप्रणालीसुद्धा डेबियनच्याच पायावर उभी आहे. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला टॉय स्टोरीतल्या पात्राचं नाव असतं. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली तेरावी आवृत्ती म्हणजे आमची ट्रिक्सी.

पेनड्राइव्हवर ट्रिक्सी घेतली आणि संगणक सुरू केला. पहिलाच प्रश्न आला: भाषा कोणती? यादी खाली सरकवत गेलो. "बाई, थांबा! मराठी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले, म्हणजे बघा!

मग इन्स्क्रिप्ट कळफलकाची गंमत सुरू झाली. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आम्ही पहिला शब्द निवडला तो आपल्या खाडीवरच्या किल्ल्याचा: दुर्गाडी. द, उकार, र, हलन्त, ग, काना, ड, दीर्घ वेलांटी. आठ कळा दाबल्या. र आणि हलन्त दाबल्यावर 'र्' ओळीतच उभा होता. ग दाबला, तर टुणकन उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसला! 'किल्ला' लिहितानाही तसंच. वहीत आपण वेलांटी क च्या आधी काढतो. इथे क आधी दाबायचा, वेलांटी नंतर. ती आपली आपण पुढे जाऊन उभी राहते. लिहायचं उच्चाराप्रमाणे, अक्षरांची मांडणी संगणक करतो.

पण पडद्यावर काही पाट्या मराठीत, काही इंग्रजीत दिसत होत्या. "असं अर्धंमुर्धं का?" एकाने विचारलं. कारण सोपं आहे. हे मराठी शब्द आपोआप उगवत नाहीत. कोणीतरी मराठी माणसं संध्याकाळी घरी बसून, एकेक शब्द लिहून पाठवतात. जिथे कोणी लिहिलं नाही, तिथे इंग्रजी तशीच राहते.

त्यावरून वर्गात वाद रंगला. 'सेव्ह'ला कुठे 'साठवा' म्हणतात, कुठे 'जतन करा'. चांगलं कोणतं? एक मुलगा म्हणाला, "तांदूळ साठवतात. आजीने आजोबांची पत्रं जतन केलीत." मग मत घेतलं. 'जतन' जिंकलं!

पालकांनो, घरात असा जुना संगणक पडून असेल, तर भंगारात देण्याआधी हे जरूर करून बघा. फक्त फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे काढून ठेवा. नवी सिस्टीम टाकताना जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं. आणि जाणकार कोणाला तरी सोबत घ्या.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम देते. 'डेस्कटॉप'ला मराठीत तुम्ही काय म्हणाल? आमच्या वर्गात अजून एकमत झालेलं नाही. आई-बाबांना विचारा, आजीला विचारा, आणि सुचलेला शब्द वहीत लिहून आपल्या बाईंना दाखवा.