दोन हातांचे गणित

संगणकशास्त्राचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे तो थोर यंत्रांच्या नावांनी सांगण्याचा प्रघात पडून गेला आहे. बॅबेजचे अपुरे राहिलेले यंत्र, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंड-अमेरिकेत उभी राहिलेली खोलीएवढी धूडे, आमच्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली चालू केलेले व पुढे टिफ्रॅक या नावाने प्रसिद्धीस आलेले यंत्र, आणि पुण्यास १९९१ साली सी-डॅकने सिद्ध केलेला ‘परम ८०००’ : एवढी नावे घेतली की वक्त्यास आपण विषयास न्याय दिला असे वाटते व श्रोत्यांस टाळ्या वाजविण्यास मोकळीक मिळते. आम्हीही हा इतिहास याच रीतीने पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांस सांगितला. तो खोटा नव्हता. परंतु आमच्या घरापासून दोन कोसांवर जे घडत होते त्याचा त्यात कोठे उल्लेख नव्हता.

आमचे घर चिंचवडास. पश्चिमेकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, पूर्वेकडे भोसरीच्या पत्र्याच्या शेडी, आणि नाशिकच्या रस्त्याने वर गेले म्हणजे चाकण. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या फौजेशी जेथे झुंज दिली आणि पुढे कांद्याच्या बाजारासाठी जे गाव नावाजले, तेच आता मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे चाकण झाले आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यापासून या टापूतल्या शेतजमिनींवर एकामागून एक कारखाने उठले. या सर्व मुलखाविषयी आम्हां पांढरपेशांची एक ठाम समजूत आहे : संगणक हिंजवडीस राहतो, आणि भोसरी-चाकणला केवळ लोखंड राहते. ही समजूत आमच्या मनातून ज्यांनी काढली ते गृहस्थ आमच्या शेजारीच राहतात.

ते निवृत्त वायरमन आहेत. सारी इमारत त्यांस काका म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका पेरापाशी संपतात. ही गोष्ट त्यांनी कधी काढली नाही व आम्ही कधी विचारली नाही. यास आम्ही सभ्यपणा समजत होतो. बहुधा तो भिडस्तपणाच होता.

एके संध्याकाळी आम्ही दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी एक कोष्टक आखीत बसलो होतो. डावीकडे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन रकाने, उजवीकडे ‘अ आणि ब’ हा तिसरा. खाली चार ओळी, आणि त्यांत शून्ये व एक. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातले हे सर्वांत बाळबोध कोष्टक. काका वर्तमानपत्र परत देण्यास आले होते. ते मागून वाकून पाहून म्हणाले, “हे काय सर, प्रेसचं सर्किट काढताय होय?”

वाचकांपैकी ज्यांनी पॉवर प्रेस पाहिला नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवावयाचा, वरून काही टनांच्या जोराने घण उतरावयाचा, आणि पत्र्याचा मोटारीस लागणारा एखादा भाग होऊन बाहेर पडावयाचा, असे हे काम आहे. लहान शेडीत पत्रा ठेवण्याचे काम पुष्कळदा हातानेच चालते. घण उतरण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हात मागे घेणे माणसास साधत नाही. म्हणून यंत्राच्या पुढच्या बाजूस दोन टोकांस दोन बटणे बसवितात. दोन्ही एकदम दाबली तरच घण खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ते डायमध्ये असणार नाहीत, हे उघडच आहे. एकाच हाताचा तळवा व कोपर मिळून दोन्ही बटणे दाबता येऊ नयेत एवढे अंतर त्यांच्यामध्ये राखावे लागते. वायरमन या दोन बटणांचे कॉन्टॅक्ट एकापुढे एक, एकाच तारेवर घेतो. वीज दोहोंतून गेली तर गेली, नाही तर नाही.

आमचा ‘अ’ हा काकांचा डावा हात होता आणि ‘ब’ उजवा. पंचवीस वर्षांत ही अक्षरे कोणाची तरी असू शकतील असे आमच्या मनात आले नव्हते.

या कोष्टकामागचे गणित ज्याने रचले तो जॉर्ज बूल हा लिंकन शहरातल्या एका जोडे शिवणाराचा मुलगा. विद्यापीठाची पायरी न चढता तो १८४९ साली आयर्लंडात कॉर्क येथे गणिताचा प्राध्यापक झाला, आणि १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘आहे’ यास एक व ‘नाही’ यास शून्य मानून तर्काची बेरीज-गुणाकार करता येतात, हे त्याचे म्हणणे. त्याची पत्नी मेरी ही, ज्याचे नाव हिमालयाच्या शिखरास दिले गेले त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. तिने उतारवयात, १९०१ साली, असे लिहून ठेवले आहे की आपल्या पतीच्या विचारावर हिंदी तत्त्वज्ञानाची छाया पडली होती. अशा वाक्यांवर झडप घालण्याची आपल्याकडे जी उत्सुकता दिसते तीत आम्हांस भाग घ्यावयाचा नाही. एका वृद्ध विधवेचे ममतेने लिहिलेले पत्र म्हणजे पुरावा नव्हे. बूलचा स्नेही डी मॉर्गन हा मात्र १८०६ साली खरोखरच मदुरेस जन्मला होता, आणि त्याचा नियम काकांस तोंडपाठ होता, नाव सोडून. ‘दोन्ही हात बटणावर आहेत’ हे खोटे ठरावयाचे तर ‘डावा नाही किंवा उजवा नाही’ एवढे पुरे, हा तो नियम. घण उतरत असता एक जरी हात सुटला तरी यंत्र थांबले पाहिजे, हे त्याचेच रूप.

बूलनंतर ऐंशी-एक वर्षे हे गणित ग्रंथालयातच राहिले. १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मॅसॅच्युसेट्समधील तंत्रविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला. तेथील एका मोठ्या गणनयंत्राच्या रिलेंची निगा राखण्याचे काम त्याच्याकडे होते. रिले मिटतो किंवा उघडतो. तिसरे काही करीत नाही. तेव्हा रिलेंच्या जाळ्याचे वर्णन बूलच्या गणितात करता येईल, आणि उलट बूलच्या गणितातले कोणतेही वाक्य रिलेंनी बांधता येईल, हे त्याने दाखवून दिले. जपानात नाकाशिमा आणि रशियात शेस्ताकोव्ह हेही त्याच दशकात याच वाटेने चालले होते. आजच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात ही गोष्ट आहे, हे आम्ही वर्गात मोठ्या आवाजात सांगत आलो. पण तारा जोडणाऱ्यांच्या अडचणीतून हा विचार उपजला व जगभरच्या शेडींत तो वायरमनच्या हातांत राहिला, हे आम्ही सांगत नसू.

काकांनी हे सर्व ऐकून घेतले आणि मग आमच्या कोष्टकात एक दोष काढला. “यानं बोटं वाचत नाहीत, सर. बटण बांधून ठेवतात.”

ही गोष्ट आम्हांस नवी होती. एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवावयाचा किंवा लाकडाची पाचर ठोकावयाची, म्हणजे ते कायमचे दाबलेले राहते. मग एका हाताने दुसरे बटण दाबावयाचे व मोकळ्या हाताने पत्रा सरकवावयाचा. दर नगामागे एक-दोन क्षण वाचतात. आम्ही विचारले, स्वतःच्या हातावर कोणी असा बेत करतो काय? काका म्हणाले, “शिफ्टला किती नग निघाले ते फळ्यावर लिहितात, सर. दुसरं काही लिहीत नाहीत.” या उत्तरानंतर कामगाराच्या निष्काळजीपणाविषयी आम्ही जी वाक्ये बोलणार होतो ती आमच्याजवळच राहिली.

येथे कोष्टकाचे हातपाय गळतात. बांधलेले बटण आणि दाबलेले बटण यांत त्यास भेद करता येत नाही, कारण दोन्ही ‘एक’च. त्यास फक्त ‘आता’ कळते. ‘मघाशी’ कळत नाही. म्हणून जुन्या वायरमनांनी एक टायमर मध्ये घातला. दोन्ही बटणे जवळजवळ एकाच वेळी दाबली गेली पाहिजेत (आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अर्ध्या सेकंदाच्या आत), आणि पुढचा घाव घालण्यापूर्वी दोन्ही सोडली गेली पाहिजेत. बांधलेले बटण सुटत नाही, म्हणून यंत्र हलत नाही. एवढ्याने यंत्रास स्मृती आली. नुसत्या तर्काकडून स्मृतीकडे जाणारे हेच पाऊल शास्त्रातही आहे. अ‍ॅलन टुरिंगने १९३६ च्या निबंधात जे कल्पित यंत्र वर्णिले त्याचे मर्म हेच की ते समोरची खूण तर पाहतेच, पण आपण कोणत्या अवस्थेत आहोत तेही जाणते. मोजक्या अवस्थांच्या यंत्रांचा सिद्धांत १९५० नंतरच्या दशकात क्लीनी, मीली, मूर यांनी बांधला. प्रेसच्या पॅनेलमधले यंत्र त्याच कुळातले आहे : ‘वाट पाहतो’, ‘एक हात आला’, ‘घाव’, ‘दोन्ही सुटण्याची वाट पाहतो’. चार अवस्था पुरतात.

पुढे रिलेंची पॅनेले मागे पडली. मोटारीचा नमुना बदलला की कपाटभर तारा उपटून पुन्हा जोडाव्या लागत. त्यास कंटाळून जनरल मोटर्सच्या एका विभागाने १९६८ साली दुसरा उपाय मागितला, आणि डिक मॉर्लेच्या मंडळींनी मोडिकॉन ०८४ हे यंत्र दिले. त्यातून पीएलसी जन्मला. शहाणपणाची गोष्ट अशी की त्याची भाषा त्यांनी वायरमनच्या शिडीसारख्या आकृतीचीच ठेवली, म्हणून काकांसारख्यांस ती लवकर आपलीशी झाली. पीएलसी बटणे पाहतो, शिडी वरपासून खालपर्यंत वाचतो, आज्ञा देतो, व पुन्हा बटणे पाहतो. हे सारे काही मिलिसेकंदांत.

तथापि हातांचे सर्किट अनुभवी माणसे सामान्य पीएलसीच्या हवाली करीत नाहीत. त्यासाठी निराळा सेफ्टी रिले ठेवतात. काकांचे कारण साधे होते : “त्यात कोण काय लिहून ठेवील, सांगता येत नाही.” टुरिंगच्या निबंधातून निघणारा निष्कर्ष याच्या फार जवळचा आहे. कोणताही कार्यक्रम हाती घ्यावा आणि तो थांबेल की अखंड चालत राहील हे खात्रीने सांगावे, अशी सर्वांस लागू पडणारी रीत असूच शकत नाही. लहान व मोजक्या गोष्टींचे मात्र तसे नाही. आमच्या देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दाखविले की चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले, तर (सर्व अंक सारखे नसल्यास) सातांहून अधिक पायऱ्या न घेता ६१७४ येतात व तेथेच राहतात. हे कोणीही सगळ्या संख्या तपासून पाहू शकतो, कारण त्या दहा हजारांच्या आत आहेत. पीएलसीतील कार्यक्रम थांबेल की नाही याचा विचार करीत न बसता त्यावर एक घड्याळ बसविलेले असते. ठरल्या वेळात फेरी पुरी झाली नाही तर ते यंत्र बंद पाडते. हातांचा निर्णय मात्र ज्याच्या सर्व ओळी डोळ्यांनी तपासता येतील अशा चिमुकल्या कोष्टकातच ठेवलेला बरा.

एवढे बोलून झाल्यावर आम्ही समाधानाने म्हणालो की टायमर घातला म्हणजे कोष्टक पुरे झाले. काका थोडा वेळ गप्प बसले. मग उजवा हात टेबलावर ठेवून म्हणाले, “माझ्या वेळी दोन्ही बटणं चालू होती, सर. बांधलेलं काही नव्हतं. उस्तादाचे दोन्ही हात बटणांवर होते. मी हेल्पर होतो, बाजूनं स्क्रॅप काढत होतो.”

ते एकोणीस वर्षांचे होते. कारखान्याचे नाव त्यांनी घेतले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ अन्वये धोक्याच्या भागांस आडोसा घालणे मालकावर बंधनकारक केले होते. बाजूचा आडोसा काम अडते म्हणून काढून ठेवलेला होता. सर्किट बरोबर होते. कोष्टकाच्या चारही ओळी बरोबर होत्या. तिसरा हात कोणत्याच रकान्यात नव्हता.

बोटे गेल्यावर प्रेसवर काम जमेना, म्हणून ते वायरमनच्या हाताखाली लागले. पुढे त्यांच्याकडे सर्किट आले की पहिला प्रश्न ते असा विचारीत की यंत्रापाशी माणसे किती उभी राहतात. दोन असतील तर ते चार बटणे बसवीत. काही मालक खर्चाकरिता कुरकुरत, काही दुसरा वायरमन पाहत.

आम्ही नवा कागद घेतला. अ, ब, क, ड असे चार रकाने आखले आणि सोळा ओळी लिहिल्या. पंधरा ओळींपुढे शून्य आले व शेवटच्या एका ओळीपुढे एक. काकांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती तपासली, सातव्या ओळीत आमच्याकडून चुकून एक पडला होता तो खोडावयास लावला, आणि कागद मागून घेतला. त्यांचा पुतण्या गेल्या महिन्यापासून चाकणला एका प्रेस शॉपमध्ये शिकाऊ म्हणून जाऊ लागला आहे. “हेल्परच आहे अजून,” असे म्हणून त्यांनी कागदाची चौघडी केली व खिशात ठेवली.