कंबर आणि कॅन्सस सिटी

अमेरिकन फुटबॉल कळायला काय लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, कंबर धरावी लागते. माझी २०२१ च्या जानेवारीत धरली. निमित्त अगदी मामुली. बँकेत सगळ्यांत खालच्या कप्प्यातला जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा काढायला म्हणून वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. दोन शिपाई आणि एक मुदतठेववाले आजोबा यांनी मिळून मला त्याच कोनात रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि मणक्यातली गादी सरकली आहे असं सांगितलं. आमच्या घरातली गादी सरकली तर ही दोन झटक्यांत सरळ करते. या गादीला म्हणे सहा-आठ आठवडे लागतात, आणि तोवर सपाट पडून राहायचं.

सपाट पडलेल्या माणसाचा घरादाराला फार उपयोग होतो. कुरिअर घ्यायला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला आणि ज्यांना बोलायला कुणी मिळत नाही त्यांचं ऐकून घ्यायला. माझा भाचा या तिसऱ्या वर्गातला. तो कॅन्सस सिटीत असतो. हे शहर नावाप्रमाणे कॅन्सस राज्यात असेल असं आपल्याला वाटतं, पण त्याचा मोठा भाग आहे शेजारच्या मिसुरीत. तिथला फुटबॉलचा संघ चीफ्स, तोही मिसुरीतच खेळतो. ज्या गावाला स्वतःचा पत्ता नीट लिहिता येत नाही त्या गावाच्या खेळात फुटबॉलचा फुटाशी फारसा संबंध नसावा यात मला काही नवल वाटलं नाही. चेंडू लांबुडका, आणि बहुतेक वेळ हातात.

८ फेब्रुवारी २०२१, सोमवार, पहाटेचे पाच. तिकडे अजून रविवारची संध्याकाळ. भाच्याचा फोन. "मामा, तू नाहीतरी जागाच असतोस. सुपर बोल आहे, बघ." आणि त्यानं आपला फोन टीव्हीसमोर उभा करून ठेवला.

मी बघू लागलो. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. चेंडू फेकणारा, सगळ्या संघाचा लाडका. आदल्याच वर्षी त्याच्याशी दहा वर्षांचा, पन्नास कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा करार झालेला. (हा आकडा मी हिला सांगितला नाही. शेजारच्या घरात फ्रिज आला की आमच्याकडे आठवडाभर शांतता असते.) पण त्या दिवशी हा पन्नास कोटींचा माणूस मैदानभर असा पळत होता, जसा मार्चएंडला कर्ज खात्याचा अधिकारी थकबाकीदाराला बघून पळेल. प्रतिपक्ष टॅम्पा बेचे गडी भिंत फोडल्यासारखे आत घुसत होते. एका वेळी तर तो पडता पडता, जमिनीला अगदी समांतर असताना त्यानं चेंडू फेकला, आणि तो कुठे जावा? सीमेपलीकडे उभ्या असलेल्या आपल्याच गड्याच्या तोंडावर! मी हसलो. हसल्यावर कंबरेत कळ आली.

"मामा, हसू नकोस," भाचा पलीकडून जवळजवळ रडत म्हणाला, "आमची लाइनच नाहीये आज."

मला वाटलं वीज गेली. पण लाइन म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. महोम्सच्या पुढे पाच जण ओळीनं उभे असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. एकेकाचं वजन तीनशे पौंडांच्या घरात, म्हणजे आपले एकशे छत्तीस किलो. काम एकच. समोरून येणाऱ्याला मागच्या माणसापर्यंत पोहोचू द्यायचं नाही. त्यातला डावा टॅकल सर्वांत मोलाचा, कारण उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ त्याच्याकडे असते. एरवी या पाच जणांनी चेंडू झेलायचा नाही, घेऊन पळायचं नाही, गोल करायचा नाही. त्यांचा नंबर कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला ऐकू जातो तो फक्त त्यांनी नियम मोडला की. पंच नंबरासकट गुन्हा जाहीर करतो.

हे ऐकलं आणि मी उशीवरून मान वर केली. ही माणसं तर आमच्या गोत्रातली! वीस वर्षं मी काउंटरवर बसतो. माझ्या मागे काचेच्या खोलीत मॅनेजर असतात, समोर पब्लिक असतं, आणि मधे मी. या वीस वर्षांत माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बँकेनं दोनदाच लिहिलं. दोन्ही वेळा मेमोवर.

त्या दिवशी चीफ्स ९ विरुद्ध ३१ असे हरले. महोम्सवर २९ वेळा समोरचे चालून आले, सुपर बोलच्या इतिहासात एवढं कुणावर आलं नव्हतं. कारण साधं होतं. दोन्ही टोकांचे कायमचे टॅकल दुखणाईत. डावा एरिक फिशर, त्याच्या टाचेची शीर दोनच आठवड्यांपूर्वी तुटलेली. उजवा मिचेल श्वार्ट्झ, तो ऑक्टोबरपासून घरी. मग उजवीकडचा डावीकडे नेला, गार्डला टॅकल केलं. कॅशवाल्याला लॉकरला आणि लॉकरवाल्याला कर्जाला बसवल्यावर आमच्या शाखेत जे होतं तेच तिथे झालं, फक्त दहा कोटी लोकांसमोर झालं.

"श्वार्ट्झला काय झालं?" मी विचारलं.

"कंबर," भाचा म्हणाला.

त्या क्षणापासून मिचेल श्वार्ट्झ माझा झाला. हा माणूस २०१२ साली खेळायला लागला तेव्हापासून लागोपाठ ७८९४ डावांत एकदाही बाहेर बसला नव्हता. रजा नाही, अर्धी रजा नाही, 'घरी पाहुणे येताहेत, जरा लवकर जातो' नाही. आणि मग कंबर. मी रोज भाच्याला फोन करून श्वार्ट्झची चौकशी करू लागलो. ही म्हणाली, "अहो, सख्ख्या आत्याची एवढी चौकशी केली असतीत तर!"

महाशिवरात्र होती. ११ मार्च. साबुदाण्याची खिचडी पडल्या पडल्या खाता येते का, याचा प्रयोग चालू असताना भाच्याचा निरोप आला: फिशर आणि श्वार्ट्झ, दोघांनाही एकाच दिवशी काढलं. फिशर म्हणजे २०१३ च्या भरतीत अख्ख्या देशात पहिला निवडला गेलेला गडी. आठ वर्षांची नोकरी. दोघेही जायबंदी. गेले.

खिचडी घशाखाली उतरेना. माझी रजा संपत आली होती. आता आम्हाला काही असं काढत नाहीत, युनियन आहे, ग्रॅच्युइटी आहे. पण शाखेतून शिपाई भेटायला आला होता तेव्हा सहज बोलून गेला होता की तुमच्या काउंटरला नवा पोरगा बसवलाय, 'लई फास्ट हाय.' तो असं म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा ठेवून गेला. तेव्हापासून मला गादीपेक्षा खुर्ची जास्त टोचत होती. मी ताबडतोब डॉक्टरांकडून पट्टा बांधून घेतला आणि १५ मार्चला रुजू व्हायचं ठरवलं. तर त्या दिवशी देशभर बँकांचा दोन दिवसांचा संप! काढून टाकलं जाईल या भीतीनं कामावर जाणारा आणि संपामुळे परत फिरणारा मीच एकटा असेन.

म्हणून १७ मार्चला गेलो. आणि योग बघा, त्याच दिवशी त्यांच्या फुटबॉलचं नवीन वर्ष सुरू झालं! होय, त्यांचंही वर्ष मार्चमध्येच उलटतं. करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि कुठल्याही संघाला त्यांना मागणी घालता येते. याला म्हणतात फ्री एजन्सी. मला तर तो उघडउघड लग्नाचा हंगाम वाटला. चीफ्सनी ट्रेंट विल्यम्स नावाच्या नामांकित डाव्या टॅकलला मागणी घातली. पण त्यानं आपल्या जुन्याच संघाशी, सॅन फ्रान्सिस्कोशी, सहा वर्षांचा सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. चांगलं स्थळ हातचं गेलं. जो थुनी नावाचा गार्ड मात्र पाच वर्षांना आठ कोटींवर ठरला. पोरगा सालस, न्यू इंग्लंडकडून दोन सुपर बोल जिंकलेला, कधी खाडा नाही.

आता पैशांचं. प्रत्येक संघानं वर्षाला एकूण पगार किती द्यायचा याला एक मर्यादा असते, सॅलरी कॅप. कोरोनानं गल्ला आटल्यामुळे ती त्या वर्षी १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आलेली. म्हणजे भिंत नवी बांधायची आणि सिमेंट कमी. मग त्यांनी काय केलं? महोम्सच्या त्या वर्षीच्या पगारातला मोठा तुकडा घेतला आणि त्याला पगार न म्हणता 'सही केल्याचा बोनस' म्हटलं. पैसे त्याला तेवढेच आणि ताबडतोब, पण हिशेबात मात्र ते पाच वर्षांवर पसरायचे! चालू वर्षात सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरची जागा मोकळी. मी आनंदानं टेबलावर हात मारला. हे तर डिफर्ड रेव्हेन्यू एक्स्पेंडिचर! बी.कॉम.ला यावर मला सोळा मार्कांचा प्रश्न आला होता आणि आयुष्यात त्याचा पुढे कधीही उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी भाच्याला मी अर्धा तास जर्नल एंट्री समजावून सांगितली. तो इंजिनिअर आहे. त्यानं नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

नुसत्या पैशांनी भागलं नाही. बाल्टिमोरहून ऑर्लँडो ब्राऊनला अदलाबदलीत आणलं. त्याची कथा आमच्या खात्यातलीच. वडीलही याच खेळात टॅकल होते. मुलानं डावीकडे खेळावं ही त्यांची इच्छा. ते २०११ मध्ये वारले. बाल्टिमोरनं त्याला उजवीकडे ठेवलं, म्हणून यानं बदली मागितली. कारण 'कौटुंबिक'. असे अर्ज मी पुष्कळ पाहिलेत, पण मंजूर झालेला हा पहिलाच. काइल लाँग नावाच्या गार्डाला तर निवृत्तीतून परत बोलावलं. तो जूनमध्ये सरावातच गुडघा दुखवून बसला आणि चीफ्ससाठी एकही सामना खेळला नाही. आमच्याकडेही एक निवृत्त हेडकॅशिअर कंत्राटावर परत आले होते. पहिल्याच दिवशी फिरत्या खुर्चीवरून पडले.

मला हुरहूर लागली ती डॉक्टरची. लोरां डुव्हर्ने-टार्डिफ हा उजवा गार्ड चक्क एम.डी. आहे. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा त्यानं फुटबॉल सोडला आणि मॉन्ट्रियलजवळ म्हाताऱ्यांच्या शुश्रूषाकेंद्रात जाऊन राबला. २०२१ ला परत आला तर त्याच्या जागेवर ट्रे स्मिथ नावाचा पोरगा. भरतीत २२६ वा, कारण फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या म्हणून कुणी घेईना. पोरगा इतका फास्ट की डॉक्टरना जागा परत मिळालीच नाही. नोव्हेंबरात त्यांना न्यूयॉर्कच्या संघाला देऊन टाकलं. कुणावर रागावायचं तेच मला कळेना.

कारण माझ्याही जागेवर ट्रे स्मिथ बसला होता. लातूरकडचा, चोविशीचा. मी पट्टा बांधून आत गेलो तर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बसा." त्या 'काका'नं मला जेवढी कळ आली तेवढी गादीनं आली नव्हती. मॅनेजरांनी आतून सांगितलं की पोराला राहू द्या, तुम्ही शेजारच्या काउंटरला बसा, पासबुकं छापा. मी पासबुकं छापली. दिवसभर कुणाशी बोललो नाही. तो मात्र अधूनमधून विचारायचा, "काका, ही सही जुळते का बघा ना." मी चष्मा पुसून बघायचो. जुळली तरी अंमळ उशिरा सांगायचो.

चौथ्या दिवशी पेन्शनच्या रांगेत एका गृहस्थांचा हयातीचा दाखला सिस्टिममध्ये दिसेना. गृहस्थ काउंटरवर मूठ आपटून, मी मेलोय का, असं पोराला विचारू लागले. पोरगा फास्ट असला तरी या प्रश्नाचं उत्तर त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. तो पांढराफटक पडला. मी पट्ट्यासकट उठलो, मधे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, तुम्ही शंभर वर्षं जगणार. दाखला माझ्याकडे द्या." त्यांना माझ्याकडे वळवलं, बसवलं, चहा पाजला. रांग पुढे सरकली. संध्याकाळी कॅश जुळली. माझं नाव कुठेही लिहिलं गेलं नाही.

तिकडे सप्टेंबरात पाचच्या पाच नवे उभे राहिले: ब्राऊन, थुनी, हम्फ्री, स्मिथ, नियांग. आणि १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये समोर होती फिलाडेल्फिया, जिनं त्या मोसमात प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला ७० वेळा चेंडूसकट लोळवलं होतं. त्या दिवशी महोम्सला किती वेळा? एकदाही नाही! चीफ्स ३८–३५ जिंकले. भाचा ओरडत होता, बक्षीस महोम्सला मिळत होतं आणि मी उशीला टेकून एकटाच पाच जणांना टाळ्या वाजवत होतो. श्वार्ट्झ त्याआधीच, २०२२ च्या जुलैमध्ये, निवृत्त झाला होता.

भिंत काही टिकत नाही. ब्राऊन त्याच मार्चमध्ये सिनसिनाटीला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा फिलाडेल्फिया समोर आली, थुनीला नाइलाजानं डाव्या टोकाला उभं केलेलं, महोम्स सहा वेळा लोळला, ४०–२२ नं हरले. पुढच्याच महिन्यात थुनीला शिकागोला धाडलं, चौथ्या फेरीतल्या एका भरतीहक्काच्या बदल्यात. आणि ज्याला कुणी घेत नव्हतं त्या ट्रे स्मिथशी त्या जुलैत चार वर्षांचा ९ कोटी ४० लाखांचा करार झाला. ही बातमी मी हिला सांगितली, कारण पोराच्या गुठळ्यांची तिलाही काळजी होती.

आमच्या पोराला तेवढे मिळाले नाहीत. त्याला लातूरची बदली मिळाली, कारण 'कौटुंबिक'. शेवटच्या दिवशी चार्ज देताना मी यादी वाचत होतो आणि तो एकेक गठ्ठा मोजून देत होता. सगळ्यांत खालच्या कप्प्यातल्या व्हाउचरांसाठी तो वाकला.

लाइनमनला पहिल्या दिवशी काय शिकवतात ते मला भाच्यानं कधीच सांगितलं होतं. मी एवढ्या जोरात ओरडलो की काचेच्या खोलीतून मॅनेजर बाहेर आले.

"अरे, गुडघ्यात वाक! कंबरेत नको!"