शिकागोच्या अंगणातला ऑर्गन

मुलांकडे शिकागोला गेलात, तर शनिवारी सकाळी उपनगरात एक फेरी मारा. घरासमोर विकायला मांडलेल्या जुन्या सामानात कधी कधी लाकडी ऑर्गन दिसतो. त्यावर 'हॅमंड' हे नाव असेल तर जरूर थांबा. १९३५ मध्ये लॉरेन्स हॅमंड यांनी हा ऑर्गन याच शहरातून बाजारात आणला.

हॅमंड विजेची घड्याळेही बनवत. ऑर्गनमध्येही तशीच मोटर दातेरी चकत्या फिरवते. शेजारच्या चुंबकावरच्या तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज उमटते आणि तिचाच पुढे सूर होतो.

अस्सल चकत्यांचा ऑर्गन कसा ओळखाल? बहुतेकांवर 'स्टार्ट' आणि 'रन' अशी दोन बटणे असतात. 'स्टार्ट' आठेक सेकंद धरा, मग 'रन' सुरू करा आणि थोड्या वेळाने 'स्टार्ट' सोडा. आता एकेक पट्टी वाजवून पाहा. वजन शंभर किलोंहून जास्त असते, त्यामुळे मालक कधी कधी फुकटही देऊन टाकतात.

पण भारतात आणायचा मोह झाला तर आधी मागची पाटी वाचा. तिथे '६० सायकल' लिहिले असेल तर सावध व्हा! आपली वीज ५० ची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळेल, मोटरची गती नाही. पांढरी एक दाबाल आणि खालची पांढरी सहा ऐकू येईल. आपल्या पेटीबरोबर तो सुरात वाजणार नाही. पाटीवर '५०' असेल, तरच घरी आणायचा विचार करा.